घोडेगावची तीनशे त्रेचाळीस नावं

जयमाला पातारेला त्या यादीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकतो. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई उगाच मशीनपुढे बसून राहिली. आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ती पाच वर्षं रोजंदारीवर होती. एकोणनव्वद दिवस काम, एक दिवस घरी, पुन्हा एकोणनव्वद दिवस. हजेरीपटावर तिचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असे, कारण नव्वदाव्या दिवशी ते खोडायचं असे. शेतकी अधिकारी भाऊसाहेबांनी तिला शब्द दिला होता: यंदाची तोडणी यादी नव्या कॉम्प्युटरवरून वेळेत आणि बिनचूक निघाली, तर शेतकी समितीच्या बैठकीत तिला कायम करण्याचा ठराव येईल. कायम म्हणजे नाव शाईने. कायम म्हणजे कॉलनीत दोन खोल्या आणि घरात नळ, आजारपणाची रजा, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे ‘सध्या कारखान्यात आहे’ यातला ‘सध्या’ गळून पडणं. तिचे वडील भीमराज या शेवटच्या कलमाला सगळ्यात जास्त भाव देत.

भाऊसाहेबांचंही एक कलम होतं. त्यांना पुण्याच्या एका परिषदेत शेतकी विभागाच्या संगणकीकरणावर बोलायचं होतं. भाषण लिहून तयार होतं. फक्त संगणकीकरण व्हायचं बाकी होतं.

तोडणी यादी म्हणजे काय, हे ऊसवाल्याला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. कारखाना सुरू झाला की सगळ्यांचाच ऊस एकदम तोडता येत नाही. ज्याची लागवड आधी, त्याचा ऊस आधी. नंबर मागे गेला की ऊस उभा राहतो, त्याला तुरा येतो, कांडी पोचट होते, आणि माणूस रोज संध्याकाळी बांधावर जाऊन शिव्या देतो. शिव्या कोणाला, तर यादी करणाऱ्याला. पूर्वी आम्ही अकरा क्लार्क नऊ दिवस वह्यांवर वाकून ही यादी करायचो. त्या नऊ दिवसांत एखाद्या संचालकाचा माणूस चहा पाजायला यायचा आणि एखादी तारीख पंधरवड्याने अलीकडे सरकायची. मी हेडक्लार्क. चहा मीही प्यालो आहे.

जुनं मशीन युनिक्सचं होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र नाही की खेळ नाही. जयमालाने त्याला वळण लावलं होतं. प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ: नाव, गाव, लागवडीची तारीख, आणि अगदी शेवटी गटाचा नंबर. ती एक ओळ टाइप करायची, ‘ज्या ओळीचा शेवट शून्य सातने होतो ती प्रत्येक ओळ काढ’ अशा अर्थाची, की सातव्या गटाची यादी बाजूला. अशा आठ गटांच्या आठ याद्या काढायच्या, मग तारखेप्रमाणे एकमेकींत विणायच्या, की सगळ्या कारखान्याचा नंबर तयार. आमच्या नऊ दिवसांचं काम तिथे अर्ध्या मिनिटात व्हायचं. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला होता.

सत्त्याण्णव साली ते मशीन थकलं आणि विंडोजचं नवं आलं. पुण्याहून तुषार नावाचा इंजिनिअर एक सीडी घेऊन आला. तिच्यात युनिक्सची सगळी छोटी छोटी अवजारं होती, विंडोजवर चालतील अशी करून आणलेली. जयमालाच्या जुन्या ओळी जशाच्या तशा चालणार, असं त्याने सांगितलं. चालल्याही. सात गटांच्या नोंदी जुन्या मशीनवर टाकून झाल्या होत्या. त्या फ्लॉपीवरून इकडे आल्या. राहिला होता सातवा गट, घोडेगावचा. त्याच्याही अठरा नोंदी जुन्या मशीनवर टाकून झाल्या होत्या, तेवढ्यात भाऊसाहेबांनी तिचा हात थांबवला.

“उद्या पूजा आहे मशीनची,” ते म्हणाले. “नारळ फुटल्यावर नव्यावर काही काम नको का? पुढच्या सगळ्या नोंदी नव्यावर टाक. जुन्याला आता हात लावू नको, अपशकुन नको.”

“साहेब, एक गट तरी एका जागी संपवू द्या.”

“मुहूर्त तुझ्या गटासाठी थांबतो का?”

तशी घोडेगावची उरलेली तीनशे त्रेचाळीस नावं हळदकुंकू लावलेल्या मशीनवर गेली, विंडोजच्या नोटपॅड नावाच्या पाटीवर. संचालक आबासाहेबांनी पहिलं बटण दाबलं. त्यांनी कोणतं दाबलं ते नंतर तिला शोधून पुसावं लागलं, पण फोटो चांगला आला.

सोमवारी याद्या गट ऑफिसांच्या फळ्यांवर लागल्या. मंगळवारी सकाळी घोडेगावचे सहा जण जीप करून आले. पुढे गोरक्षनाथ. बैलबाजारात जनावराचे दात न बघता वय सांगणारा माणूस. तो टेबलावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

“नाना, आमच्या गटात किती जनांचा ऊस हाय?”

“साडेतीनशेच्या वर.”

“फळ्यावर अठरा नावं हायेत. बाकीच्यांच्या उसाला काय वारं लागलं?”

मी हसलो. कोणी तरी पानं लावायला विसरलं असेल, म्हणालो. जयमालाला हाक मारली. तिने मशीनला गोरक्षनाथाचं नाव विचारलं. पडद्यावर ओळ आली: नाव, गाव, तारीख, शेवटी शून्य सात. सगळं जागच्या जागी.

“हाय की मी,” गोरक्षनाथ पडद्याला म्हणाला.

मग तिने सातव्या गटाची यादी मागितली. अठरा नावं आली. गोरक्षनाथ त्यांत नव्हता.

तिने पुन्हा नाव विचारलं. आहे. पुन्हा गट विचारला. नाही. नावाने हाक मारली तर माणूस ओ देतो, आणि गावाची हजेरी घेतली तर गावातच नाही. मशीन कुरकुरत नव्हतं, चूक झाली म्हणत नव्हतं, लाल अक्षर दाखवत नव्हतं. शांतपणे, सज्जनासारखं अठरा म्हणत होतं. मी आठही याद्यांची बेरीज मारली: एकोणीसशे चौदा. मूळ ओळी किती, ते जयमालाने मशीनकडून मोजून घेतलं: बावीसशे सत्तावन्न. फरक तीनशे त्रेचाळीस. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत फरक नेहमी कोणाच्या तरी खिशात सापडला होता. हा कुठेच नव्हता. अंगावर काटा आला.

घोडेगावच्या माणसांना काटा आला नाही, संशय आला. कारण फळ्यावरच्या अठरा नावांपैकी पाच नावं जयमालाच्या मामाच्या वस्तीची होती. नोंदवहीची सुरुवातच त्या वस्तीपासून होते, हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघून नुसते हसले.

“बाई, तुमचं आडनाव काय म्हनाला?” मागचा एक जण म्हणाला.

“पातारे.”

“आं?”

“पातारे.”

जात कोणी काढली नाही. आडनाव दोनदा विचारलं, एवढंच.

दुपारपर्यंत गोष्ट आबासाहेबांच्या कानावर गेली. बैठक गुरुवारी होती. भाऊसाहेबांनी पुण्याला फोन लावला आणि तुषार बुधवारी पहिल्या गाडीने आला. त्याने अवजारांची सीडी पुन्हा घातली, काढली, पुन्हा घातली. अठरा. मशीन बंद करून चालू केलं. अठरा. मग तो खुर्ची मागे सारून म्हणाला, “व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसून नव्याने टाकू.”

“आणि नावं?” जयमालाने विचारलं.

“तीही पुन्हा टाकायची.”

“पुसल्यावर कोणाला कसं दाखवणार, नावं मी खाल्ली नाहीत म्हणून?”

तुषार तसा वाईट मुलगा नव्हता. त्याला चारची पुणे गाडी पकडायची होती, एवढाच त्याचा दोष. “तीन वाजता पुसतो,” तो म्हणाला. “तोवर बघा काय बघायचंय ते.” आणि तो कॅन्टीनला गेला.

साडेबारा वाजले होते. मी डबा उघडला. तिने उघडला नाही. दोन फायली शेजारी शेजारी नोटपॅडमध्ये उघडून ती बघत बसली. नेवासा गटाची, जुन्या मशीनवरून आलेली, एका ओळीत गच्च भरली होती. माणसामागे माणूस, मध्ये काळे चौकोन, कुठे ओळ मोडलेली नाही. भाकरीच्या पिठासारखा सगळा एक गोळा. घोडेगावची, नव्या मशीनवर टाकलेली, मात्र नीट, एकाखाली एक, परेडला उभी असल्यासारखी.

“नाना,” ती म्हणाली, “जी नावं सरळ दिसतात तीच हरवलीत. जी गोंधळात आहेत ती सगळी यादीत आलीत.”

“सरकारी खात्यातही तसंच असतं.”

ती हसली नाही. तिने सीडीबरोबर आलेली जाडी छापील वही उघडली, बोट फिरवत गेली, आणि एक ओळ टाइप केली. नंतर मला सांगितलं तिने: त्या अवजाराला म्हटलं होतं, फाइल वाचून दाखव, पण जे डोळ्यांना दिसत नाही तेही दाखव.

घोडेगावची नावं पडद्यावर उतरली. आणि प्रत्येकाच्या शेवटी, शून्य सातच्या पुढे, एक छोटी टोपी आणि इंग्रजी एम. तीनशे त्रेचाळीस ओळी, तीनशे त्रेचाळीस टोप्या. मघापर्यंत तिथे काही नव्हतं. त्याच ओळी आम्ही दोन दिवस बघत होतो. आता असं वाटलं की ऑफिसात आपण जेवतोय आणि भिंतीला टेकून तीनशे माणसं उभी आहेत. घास माझ्या हातातच राहिला.

“म्हणजे शेवट शून्य सात नाहीच,” जयमाला हळू म्हणाली. “शेवट हा आहे. मी म्हणते शून्य सातने संपणारी ओळ दे. मशीन म्हणतं, ही संपतच नाही सातने. ते खोटं बोलत नव्हतं, नाना. मी विचारलं तेवढंच सांगत होतं.”

“पण हे लिहिलं कोणी?”

“कोणी नाही. मी एंटर दाबलं तेव्हा ते आपोआप बसलं.” तिने वहीतला तक्ता काढला. “इथं नाव दिलंय त्याचं. कॅरेज रिटर्न. कॅरेज म्हणजे टाइपरायटरची ना? इथं कुठंय टाइपरायटर?”

मीही वाकून मशीनच्या मागे बघितलं. सांगायला लाज वाटते, पण बघितलं.

तेवढ्यात आवक-जावकचे काकासाहेब सहीला रजिस्टर घेऊन आले. ते पूर्वी टेलेक्सवर होते. एकोणीस वर्षं दिल्ली-मुंबईचे साखरेचे संदेश त्यांच्या बोटांतून गेले. फॅक्स आला आणि कारखान्याने टेलेक्स बंद केला. माणूस पोस्टाची तिकिटं चिकटवायला लावला. मशीन स्टोअरमध्ये गेलं. दर शनिवारी ते जाऊन त्याला तेल घालत, आणि आम्ही त्यांना म्हणत असू की काका, वहिनींना एवढं जपलं असतं तर स्वर्ग मिळाला असता.

“काका, कॅरेज रिटर्न म्हणजे नक्की काय?” मी विचारलं.

काकासाहेबांनी रजिस्टर खाली ठेवलं. पडदा बघितला. चष्मा कपाळावर घेऊन पुन्हा बघितला. मग जयमालाला म्हणाले, “चल.” मीही मागोमाग गेलो.

स्टोअरमध्ये, युरियाच्या रिकाम्या पोत्यांमागे, कापडाखाली टेलेक्स होता. त्यांनी कापडाची घडी घालून बाजूला ठेवली आणि प्लग लावला. मशीन गुरगुरलं. रोलवर पिवळा पडलेला कागद होताच.

“लिही काही तरी.”

तिने GHODEGAON लिहिलं. लोखंडी अक्षरं कागदावर आपटली.

“आता हे दाब. हेच एक. दुसऱ्याला हात लावू नको.”

तिने दाबलं. छपाईची गाडी खडखडत डाव्या टोकाला परत आली. कागद हलला नाही.

“पुन्हा लिही.”

तिने NEWASA लिहिलं. नेवासा घोडेगावच्या उरावर छापलं गेलं, काळा चिखल.

“आता फक्त ते शेजारचं.”

तिने दाबलं. कागद एक ओळ वर सरकला, पण गाडी जिथे होती तिथेच राहिली. तिने लिहिलेलं पुढचं नाव पायरीसारखं, खाली पण उजवीकडे उमटलं.

“बघितलं?” काकासाहेब म्हणाले. “दोन कामं आहेत, पोरी. गाडी माघारी आणायची, हे एक. कागद वर सरकवायचा, हे दुसरं. टाइपरायटरचा दांडा दोन्ही एका झटक्यात करतो म्हणून नानासारख्यांना वाटतं, काम एकच आहे. तारेवरून दोन्ही वेगवेगळी पाठवावी लागतात. आम्ही माघारीचं तर दोनदा दाबायचो. गाडी लांबून यायची असते, तिला वेळ द्यावा लागतो.”

“आणि तुमच्या एका बटणाला दिल्लीतली गाडी माघारी जायची?” जयमालाने विचारलं.

“जाणार नाही तर काय? इथून मी दाबलं की तिकडे खडखड. मला ऐकू यायचं नाही. पण जायची.”

जयमाला त्या दोन बटणांकडे बघत राहिली. मी कधी तिला कुठल्या देवापुढेही अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती, आणि त्या घरात देव नसतात हेही मला ठाऊक आहे.

“म्हणजे विंडोज अजून दोन्ही दाबतंय,” ती म्हणाली. “ओळ संपली की कागद वर, आणि गाडी माघारी. गाडी नाहीच, तरी माघारी. युनिक्सवाल्यांनी म्हटलं, गाडी नाही तर माघारी कशाला. एकच खूण पुरे. म्हणून जुन्या मशीनच्या ओळी सातवर संपतात आणि नव्याच्या सातच्या पुढे ही खूण उभी राहते.”

“कोणाची गाडी माघारी घेतंय ते?” मी विचारलं.

“कोणाचीच नाही, नाना. ज्यांनी सुरू केलं त्यांची मोडीत निघाली असेल. वळण राहिलं.”

मी कारखान्यात खूप वळणं बघितली आहेत. घड्याळं आली तरी बारा वाजता तास देणारा शिपाई बघितला आहे. पण कुठल्या तरी परदेशातल्या लोखंडी मशीनची खडखड, तार ओलांडून, समुद्र ओलांडून, काचेच्या पडद्यात शिरून, घोडेगावच्या गोरक्षनाथाच्या नावापाठीमागे गपचूप उभी राहते, आणि त्याचा ऊस वाळवू शकते, हे डोक्यात मावेना. इतकं लहान, की दिसत नाही. इतकं जुनं, की कोणाला आठवत नाही. काकासाहेबांना आठवत होतं. एकटे तेच हसत होते.

परत येऊन तिने एक ओळ टाइप केली. मोजून बघितली मी, मधली जागा सोडली तर वीस-पंचवीस अक्षरं. अर्थ एवढाच: फाइलमधून ही खूण जिथे जिथे असेल तिथून काढून टाक. बटण दाबलं. काही झालं नाही. कर्सर खाली येऊन लुकलुकत राहिला.

“झालं?” मी विचारलं.

“झालं असेल. चांगलं झालं की हे काही बोलत नाही.”

तिने आठ याद्या मागितल्या. आकडे आले तसे मी पेन्सिलीने मांडत गेलो. घोडेगाव: तीनशे एकसष्ट. मग बेरीज मारली. बावीसशे सत्तावन्न. मी वरून खाली केली, मग खालून वर केली. बावीसशे सत्तावन्न. तीन वाजता तुषार आला, त्याने बघितलं, खुर्चीवर बसला आणि ती टोपी-एमवाली ओळ आपल्या डायरीत उतरवून घेतली. प्रामाणिकपणे विचारून घेतली, हे त्याच्या बाजूला लिहायला हवं.

आता नवी मोठी यादी विणली गेली, तशी जुने नंबर हलले. घोडेगावच्या लागवडी लवकरच्या होत्या. त्या मध्ये शिरल्या तसे बाकीचे मागे गेले. आबासाहेबांचा ऊस अकरा दिवस मागे गेला. भीमराज पातारेंचा चौदा. भाऊसाहेबांनी दोन्ही आकडे बघितले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

“हा कसा सांगायचा, ते उद्या मी बघतो,” ते म्हणाले. “तू गप्प बसायचं. मशीनची चूक झाली, असं लिहू. मशीनवर कारवाई होत नाही. ठराव होऊन जाईल तुझा.”

गुरुवारी बैठक भरली. आबासाहेब मधल्या खुर्चीवर. गोरक्षनाथाला मुद्दाम बोलावलं होतं. तो दाराशी स्टुलावर होता. मी इतिवृत्त लिहायला. भाऊसाहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की नव्या मशीनमध्ये दोष निघाला होता, तो दूर केला आहे, तीनशे त्रेचाळीस नावं सुखरूप आहेत, आणि यादी सुधारून लावावी लागेल.

आबासाहेबांनी सुधारलेली यादी वाचली. आपल्या नावापाशी ते थांबले, ते मला दिसलं. मग त्यांनी ती अलगद खाली ठेवली.

“मशीन चुकतं म्हणता,” ते म्हणाले. “मग आमचं काही म्हणणं नाही. यंदा हातानंच करू यादी. वह्या आहेत, क्लार्क आहेत. काय नाना? मशीनचा भरवसा नसला तर शेतकऱ्यांच्या जिवाशी खेळ नको.”

मी मान हलवली नाही आणि हलवली नाही असंही दिसू दिलं नाही. हातानं म्हणजे नऊ दिवस. नऊ दिवस म्हणजे चहा. अकरा दिवस भरून निघायला दोन कप पुरले असते.

“मशीन चुकलं नाही,” जयमाला म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी असती तर खोकून गप्प बसली असती.

“मशीन एकदाही चुकलं नाही. मी सातवर संपणाऱ्या ओळी मागितल्या, त्यानं त्याच दिल्या. दोन मशीनच्या फायली जोडल्या, त्यांच्या ओळी वेगळ्या तऱ्हेने संपतात हे मी जोडण्याआधी तपासलं नाही. आता तपासलंय. ही यादी बरोबर आहे. कुणीही मोजावी.”

“मग चूक कोणाची लिहायची?” आबासाहेबांनी विचारलं. अगदी शांतपणे, बाजारात शेवटची किंमत विचारतात तसं.

इथे ती भाऊसाहेबांचं नाव घेऊ शकत होती. मुहूर्ताची गोष्ट तिला ठाऊक होती, मला ठाऊक होती. पेन माझ्या हातात होतं. मी बोललो असतो तर ती ओळ मलाच लिहावी लागली असती. मी निबेवरचा केस काढत बसलो.

“माझी लिहा,” ती म्हणाली.

दाराशी गोरक्षनाथ उठला. “आमची नावं आली ना? मंग आमचं काय म्हननं न्हाई. यादी मशीनचीच ऱ्हाऊ द्या. तिला च्या लागत न्हाई.” आणि बाजारची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. तिच्याबद्दल बरा-वाईट एक शब्द बोलला नाही. आला होता तेवढ्याचं घेऊन गेला, हिशेबी माणूस.

यादी कायम राहिली. ठराव राहिला नाही. आबासाहेब म्हणाले, बाई प्रामाणिक आहे, पण कायम करताना काळजी घेतली पाहिजे. एक हंगाम काम बघू, पुढच्या वर्षी विचार करू. सगळ्यांना ते रास्त वाटलं. मी ते शाईने लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हटलं, “मशीन चुकलं म्हणाली असतीस तर काय बिघडत होतं?”

“ते चुकलं नव्हतं ना, नाना.”

“त्याला काय त्याचं?”

“त्याला काही नाही.” ती म्हणाली. “पण काल दुपारी ते मोजताना बघितलंत ना तुम्ही? बावीसशे सत्तावन्न माणसं, त्यात आबासाहेब कोण आणि माझा बाप कोण, त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. असं मी आजवर काही बघितलं नाही. त्याला खोटं कसं पाडायचं?”

ती आत जाऊन सुधारलेल्या याद्या छापायला बसली. प्रिंटर करकरत होता, आणि प्रत्येक ओळीला त्याचं डोकं उजवीकडून माघारी येत होतं. पंचवीस-तीस पानं होईपर्यंत मी दारात उभा राहून तेच बघत होतो.

हंगाम संपल्यावर मी माझ्यापुरती बेरीज केली. गोरक्षनाथाला जीपचं भाडं आणि एक सकाळ लागली. ऊस त्याचा वेळेत गेला. काकासाहेबांचं काही गेलं नाही. तुषारची चारची गाडी चुकली. भाऊसाहेब पुण्याला भाषण करून आले. ‘अदृश्य चिन्हांचा प्रश्न आम्ही कसा सोडवला’ यावर टाळ्या पडल्या म्हणतात. त्यांच्याकडून जमा काहीच नाही. आबासाहेबांनी अकरा दिवस भरले, कुरकुरत. भीमराज पातारेंनी चौदा भरले. तुरा आला होता, ते बांधावर गेले नाहीत. माझ्या नावावर न बोललेली एक ओळ आहे. जयमालाने एक वर्ष भरलं, एकोणनव्वद-एकोणनव्वद दिवसांच्या चार हप्त्यांत.